कागद तुमचा, फिल्लम माझी

केणीमास्तर गिऱ्हाइकाच्या हातात फोटो द्यायचे तो उलटा. त्यामुळे आधी दिसायची ती फोटोची पाठ, आणि त्या पाठीवर जांभळ्या शाईत मारलेला शिक्का: ‘या फोटोची नक्कल, छपाई अगर प्रदर्शन फोटोग्राफरच्या परवानगीशिवाय करू नये.’ हा मजकूर ते उभे राहून, एकेका शब्दावर बोट ठेवून, मोठ्याने वाचून दाखवत. समोरचा माणूस दोरीला शेळी धरून ताटकळलेला असे. त्याला शेळीचा फोटो बघायचा असे. वाचून झालं की मास्तर विचारत, “कळलं?” तो मान हलवी. “काय कळलं ते सांगा.” मग तो बिचारा माझ्याकडे बघे, कारण मी शेजारच्या छापखान्याच्या दारात उभा राहून हा तमाशा पाहत असे. शेवटी मास्तर स्वतःच सांगून टाकत, “कागद तुमचा, फिल्लम माझी,” आणि मगच फोटो सुलटा होई.

सत्तरच्या दशकातली आठ वर्षं मी या माणसाचा शेजार सोसला. भिवंडीच्या मंडईमागच्या गल्लीत माझं पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची लेबलं मी छापत असे. पलीकडे त्यांचा स्टुडिओ. मधे फळ्यांची भिंत. आसपासच्या कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट आम्हाला ऐकू येईनासा झाला होता, पण मास्तरांचं शिक्क्याचं पारायण फळ्यांतून शब्दन् शब्द ऐकू येई. त्यांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. मूळचे काल्हेरचे, खाडीकाठच्या घरातले. ‘मास्तर’ हे नाव गावाने ठेवलं होतं आणि त्यात आदर किती व वैताग किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

त्यांच्याकडे माणसं फारशी फोटो काढून घ्यायला जात नसत. माणसांना ते फार बोलत. “मान वर. एवढी नाही. तुम्ही काय विमान बघताय?” जनावरांशी मात्र त्यांचं वेगळंच होतं. शर्यतीचे बैल, राखणीची कुत्री, ईदआधी धुऊनपुसून आणलेले बकरे, माडीवर पाळलेली कबुतरं, सगळी त्यांच्याकडे येत किंवा ते कॅमेरा सायकलला बांधून गावोगाव जात. बैलासमोर ते मातीत फतकल मारून बसत आणि तासभर काहीच करत नसत. मालक कंटाळे. “मास्तर, काढा की आता.” मास्तर म्हणत, “बैल तयार न्हाय अजून. तुला घाई हाय, त्याला कुठंय?” मग केव्हातरी बैल कान पुढे करून त्यांच्याकडे नीट बघे, आणि तेवढ्यात कळ दाबलेली असे. त्या फोटोतला बैल पाहिला की वाटे, हा आपल्याला ओळखतो. एवढं मान्य करूनच पुढचं सांगतो, कारण पुढे मी त्यांच्याविषयी फारसं बरं बोलणार नाही.

लूमवर काम करणारे अन्वरभाई एकदा कबुतराचा फोटो न्यायला आले. शिक्का ऐकून घेतल्यावर ते शांतपणे म्हणाले, “मास्टरजी, कबूतर मेरा, दाना मेरा, पैसा मेरा. फिर फोटो आपका कैसे हुआ?”

“नजर मेरी,” मास्तर म्हणाले.

अन्वरभाई हसून निघून गेले. मला मात्र त्यांचा प्रश्न रास्त वाटला होता आणि तसं मी म्हटलंही. त्यावर मास्तरांनी मला कॉपीराइट या विषयावर पाऊण तास ऐकवलं. हा कायदा त्यांनी कुठे वाचला, असं विचारल्यावर म्हणाले, “वाचायला कशाला पाहिजे? सरळ आहे.”

दापोड्याच्या बाळाराम पाटलाच्या बैलाने शर्यत मारली. त्याला जत्रेच्या हँडबिलावर बैलाचा फोटो हवा होता. मी फोटोवरून छपाईचा ब्लॉक करून आणला, मशीन सुरू केलं, आणि मास्तर येऊन मशीनच्या पायपट्टीवर पाय देऊनच उभे राहिले.

“अर्ज कुठाय?”

“कसला अर्ज?” पाटील म्हणाला. “मास्तर, बैल माजा हाय.”

“बैल तुझाच हाय. कोण न्हाय बोलतंय? फोटोसाठी अर्ज कर.”

पाटलाला लिहिता येत नव्हतं. तेव्हा मास्तरांनी स्वतःच कागद घेऊन ‘मे. केणी फोटोग्राफर यांस, सविनय विनंती की’ असा स्वतःलाच अर्ज लिहिला, पाटलाचा अंगठा घेतला आणि खाली ‘परवानगी आहे’ म्हणून स्वतःची सही ठोकली. पैसा एक घेतला नाही. उलट पाटलाला चहा पाजला. पण माझी सकाळ गेली, आणि रोलरवरची शाई वाळली ती मला रॉकेलने पुसत बसावी लागली. असं एकदा झालं असतं तर मी विसरलो असतो. दर महिना-दोन महिन्यांनी होई.

हे सगळं यासाठी सांगितलं, की मी पुढे जे केलं ते का केलं हे कळावं.

कशेळीची हौसाबाई मंडईत मासळी विकायला बसे. तिच्या पाटीशेजारी राजा नावाचा एक तांबूस कुत्रा बसलेला असे. पाटीतल्या मासळीला त्याने कधी तोंड लावलं नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू दिलं नाही. तो म्हातारा झाला, मागचे पाय ओढू लागला, तेव्हा हौसाबाई त्याला टेम्पोत घालून स्टुडिओत घेऊन आली. म्हणाली, “यो जाईल आता. त्याच्याआधी काढून दे.” मास्तर पैसे नको म्हणत होते. तिने ते त्यांच्या टेबलावर आपटले. “फुकटाचा नको माझ्या राजाला.”

तो फोटो मास्तरांच्या हातून उतरलेल्या सगळ्या फोटोंत उत्तम होता. कुत्रा थकलेला होता, पण डोळे असे की कुणीतरी पाटीला हात लावणार आहे आणि आपल्याला उठायचंय. राजा महिन्याभरात गेला. मास्तरांनी तो फोटो मोठा करून काचेच्या कपाटात लावला, आणि आपल्या धंद्याच्या कार्डावरही छापला. कार्डं मीच छापली. ब्लॉक माझ्या घोडीत, म्हणजे टाइपाच्या खणांच्या मांडणीत, पडून राहिला.

वर्षभराने हिराशेठ नावाचा कापडवाला व्यापारी माझ्याकडे आला. त्याने लुंगीला ‘वफादार’ असं नवं नाव दिलं होतं आणि लेबलावर त्याला कुत्रा हवा होता. “ऐसा कुत्ता चाहिए के देखते ही भरोसा हो जाए,” तो म्हणाला. आणि लेबलं परवा हवीत. घोडीतला ब्लॉक माझ्या डोळ्यांसमोर होता. मास्तरांना सांगितलं तर अर्ज, चहा, पाऊण तास कायदा, मग मजकुराची चर्चा, मग कुत्र्याचा कान कापला जातोय का याची चर्चा. चार दिवस कुठे गेले नाहीत. मी मनाशी म्हटलं, नंतर सांगू. लेबलं छापली. आणि नंतर सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी, भर दुपारी, हौसाबाईचा आवाज फळ्यांतून आला. ती ओरडत होती आणि मधेच तिचा आवाज फाटत होता. मी गेलो तेव्हा तिच्या हातात चिखलाने भरलेलं एक लेबल होतं.

“गटारात पडलाय माझा राजा! कपड्याच्या दुकानापुढं. लोकं त्याच्यावर पाय देऊन चाललीत. तू इकलास त्याला, मास्तर? किती घेतलंस?”

मास्तरांनी लेबल घेतलं, धोतराच्या सोग्याने पुसलं, उजेडात धरलं. मग माझ्याकडे बघितलं. त्यांना छपाई ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या मशीनचा डावा कोपरा नेहमी जरा फिका येई.

“देसाई?”

“चार दिवस लावले असते तुम्ही,” मी म्हणालो. दुसरं काही खरं सांगण्यासारखं नव्हतं.

हौसाबाईला त्यांनी हात जोडून घरी पाठवलं. माझ्याशी ते भांडले नाहीत. ते म्हणाले, तुमच्यावर आणि हिराशेठवर मी खटला भरणार. उद्या ठाण्याला वकिलाकडे जाऊ. मी विचारलं, “जाऊ म्हणजे?” तर म्हणाले, “कायदा इंग्रजीत असणार. मला कोण वाचून दाखवणार?” अशा रीतीने ज्याच्यावर खटला भरायचा त्यालाच सोबत घेऊन केणीमास्तर ठाण्याला निघाले. एसटीचं माझं तिकीट त्यांनी काढलं. वाटभर माझा गुन्हा किती मोठा आहे ते मला समजावून सांगितलं. मागच्या बाकावरचा माणूसही ऐकत होता आणि कशेळीच्या पुलापर्यंत त्याने मला दोषी ठरवलेलं होतं.

वकील वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी सगळं ऐकलं, फोटो उलटा करून शिक्का वाचला. मग कपाटातलं पुस्तक काढून चाळलं.

“फोटो बाईंनी सांगितला म्हणून काढलात?”

“हो.”

“पैसे दिले त्यांनी?”

“मी नको म्हणत होतो. टेबलावर आपटले.”

“हक्क फोटोग्राफरकडे राहील, असं आधी काही ठरलं होतं? सही, अंगठा?”

“शिक्का आहे ना मागे.”

“शिक्का तुम्ही मारलात. फोटो झाल्यावर. एकट्याने.” वकिलांनी पुस्तक मिटलं. “केणी, पैसे देऊन कुणी फोटो काढायला सांगितला आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर हक्क सांगणाऱ्याचा असतो. फिल्म तुमच्या कपाटात असेल, पण छापायचा अधिकार त्या बाईंचा. हे देसाई चुकले, तो व्यापारी चुकला. आणि तुमच्या धंद्याच्या कार्डावर हा कुत्रा छापलाय, तेव्हा बाईंची परवानगी घेतली होती का?”

कचेरीत पंखा फिरत होता. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. एवढ्या वर्षांच्या पारायणाचं उट्टं निघत होतं. पण मास्तरांनी फोटो वकिलांच्या हातून परत घेतला तो दोन्ही हातांनी, आणि मला तिकडे बघवेना.

आम्ही परतीची एसटी धरली. कशेळी आलं तशी मास्तर एकदम उठले आणि म्हणाले, “उतरा.” मी म्हटलं, “आज कशाला? भिवंडीला मंडईत भेटेलच की ती.” पण ते उतरले होते. दोन तास उन्हात त्यांच्यामागे हौसाबाईचं घर शोधत हिंडलो. ती अंगणात जाळं पसरून बसली होती. मास्तर तिच्यासमोर, बैलासमोर बसत तसे, जमिनीवर बसले.

“हौसाबाय, फोटो तुझा हाय. कायद्यानं. मी कार्डावर छापला ती माझी चूक. यानं लेबलावर छापला ती याची चूक. तू बोलशील ती भरपाई.”

हौसाबाईला हे नीट समजायला वेळ लागला. त्यांनी तीनदा सांगितलं. मला दोनदा ‘याची चूक’ म्हणून दाखवलं.

“पैसं नको,” ती म्हणाली. “ती कागदं गोळा कर. माझा राजा लोकांच्या पायाखाली नको.”

हे ऐकून मी डोक्याला हात लावला. लेबलं ताग्यांवर चिकटून बाजारात गेलेली. ती कशी गोळा करायची? पण मास्तर “बरं” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते हिराशेठच्या पेढीवर जाऊन बसू लागले. रोज दुपारी. हिराशेठ पहिल्या दिवशी हसला. “अरे मास्टर, कुत्ते का क्या हक?” दुसऱ्या दिवशी त्याने चहा दिला. चौथ्या दिवशी तो चिडला. मास्तर पेढीवर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वकिलांनी सांगितलेला कायदा पहिल्यापासून समजावून सांगत. लोक तागा बघायला येत आणि कायदा ऐकून परत जात. दहाव्या दिवशी हिराशेठ माझ्याकडे आला आणि म्हणाला, “देसाईसाब, मेरी दुकान बचाओ. जो बोलेंगे वो करूँगा.” उरलेली सगळी लेबलं त्याने परत दिली. गोदामातल्या ताग्यांवरची पाणी लावून सोलून काढली. ती सोलायला मी आणि मास्तर दोघेही बसलो होतो. मी पुटपुटत होतो. ते प्रत्येक लेबल सरळ करून थप्पी लावत होते. नवी लेबलं मी फुकट छापून दिली, त्यांवर हत्ती होता. हत्ती मी स्वतः चितारला होता आणि तो डुकरासारखा दिसत होता, पण त्याच्यावर कुणाचा हक्क नव्हता.

मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. झालं भलतंच. मास्तरांनी जुन्या वह्या काढल्या आणि आजवर फोटो काढून घेतलेल्या प्रत्येक माणसाला शोधायला सुरुवात केली. सायकलला फिल्मची पेटी बांधून ते दापोड्याला, काल्हेरला, लूमच्या चाळींत जात. “तुमच्या बकऱ्याच्या फोटोचा हक्क तुमचा आहे. मी चुकीचं सांगितलं होतं. फिल्लम ठेवायची तर ठेवा, मला द्यायची तर या कागदावर सही करा.” तो कागद अर्थातच मी छापला होता, आणि त्याचं प्रूफ त्यांनी सात वेळा बदललं होतं. लोकांना काही कळेना. बकरा कधीच खाऊन झालेला. काहींना वाटलं, मास्तर कुठल्या सरकारी चौकशीत अडकलेत. बाळाराम पाटलाने सही करायलाच नकार दिला. “एकदा अंगठा घेतलात, आता परत? माझी जमीन बिमीन तर नाही ना घेत?” अन्वरभाईंनी मात्र फिल्म हातात घेतली, उजेडात धरून कबुतर पाहिलं, आणि परत दिली. “आप ही रखिए. मेरे यहाँ दीवारों में सीलन है, फिल्म खराब हो जाएगी.” मास्तर त्या दिवशी खूश होते. पाऊण तास मला तेच सांगत होते.

या भानगडीत त्यांचा धंदा बसला. नवीन गिऱ्हाईक आलं की फोटोआधी करार. शेळी बांधून ठेवायची आणि मालकाला ओळीओळीने वाचून दाखवायचं. लोक पलीकडच्या रस्त्यावरच्या नव्या स्टुडिओत जाऊ लागले. मी एकदा चिडून म्हणालो, “मास्तर, कुणाला पडलेलं नाही हो हे! तुम्हीच तेवढे धरून बसलात.”

ते कॅमेऱ्याची काच पुसत होते. “इतकी वर्षं मी छातीठोक सांगत होतो ना? मग आता तेवढ्याच आवाजात सांगायला नको?”

यावर मी अजूनच चिडलो.

दशक संपता संपता ते गेले. छातीत दुखतंय म्हणून झोपले ते उठले नाहीत. तेराव्याच्या कार्डावर त्यांचा फोटो छापायचा म्हणून मी केणीवहिनींकडे गेलो. त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून दिला आणि मग हात मागे घेतला.

“भाऊ, यो ठाण्याच्या फोटोग्राफरानं काढला हाय. दोस्तीत. ह्यांनी पैसे दिले नव्हते.”

“मग?”

“मग हक्क त्याचा.”

मी कपाळावर हात मारून घेतला. पण वहिनी ऐकेनात, आणि मला ऐन उन्हात पुन्हा ठाण्याची एसटी पकडावी लागली. त्या फोटोग्राफराने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. “अहो, माणूस गेला, छापा की. विचारायला कशाला आलात?” मेलेल्या माणसासाठी शिव्या आवरून मी परत आलो आणि कार्ड छापलं. डावा कोपरा फिका आला.

तेराव्याला काल्हेरच्या घरी एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. अन्वरभाई होते, बाळाराम पाटील होता. हिराशेठसुद्धा येऊन मागे उभा राहिला होता. हौसाबाई बाजाराची पाटी घेऊन तशीच आली होती. पाटी तिने बाहेर ठेवली, आत जाऊन नमस्कार केला आणि ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसली.

मी म्हणालो, “फार डोकं खायचे हो मास्तर.”

“लई,” ती म्हणाली. “राजाचा फोटू कपाटात ठेवू का, म्हनून आला. मी बोललू ठेव. मग काच फुटली, दुसरीकडं लावू का म्हनून आला. मग काढू का म्हनून आला. मी भाजी चिरत होतू, मी बोललू, मास्तर, मना कामं हायेत.” तिने पदराने तोंड पुसलं. “माझं लगीन ठरवलं तवा मना कोनी इचारलं न्हवतं, देसाईभाऊ. घर इकलं तवा न्हाय. यो येडा एका कुत्र्यासाठी इचारायला तीन डाव कशेळीला आला.”

मग ती उठली, कारण मासळी उन्हात होती.